पडल्यानंतर नव्हे, पडण्याआधी: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ज्येष्ठ नागरिकांना तोल सांभाळण्याचे व्यायाम गावपातळीवर शिकवण्याबाबत

महोदय,

मी गेली बावीस वर्षे सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर रुग्णांपैकी बरेचसे खुब्याचे किंवा मनगटाचे हाड मोडल्यानंतर येतात, आणि घटनेची हकिकत बहुधा एकसारखीच असते: पहाटे मोरीकडे जाताना पाय अडकला, उंबरा ओलांडताना झोक गेला, ओल्या फरशीवरून घसरले. माझी आईही अशीच पडली. तिची शस्त्रक्रिया उत्तम झाली, परंतु घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आणि टाके काढण्याची तारीख होती. ती पुन्हा पडू नये म्हणून काय करावे, याची एक ओळही नव्हती. मी याच क्षेत्रातली असल्यामुळे ती उणीव मी भरून काढली. ज्यांच्या घरी असे कुणी नाही, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढील लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली होती. तरीही आपल्याकडे पडणे हे म्हातारपणाचे भोग म्हणून सोडून दिले जाते, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

माणसाचा तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय व सांध्यांतून मिळणारी जाणीव या तिन्हींच्या मेळावर टिकतो, आणि झोक गेलाच तर सावरण्याचे काम पायांचे स्नायू करतात. वयानुसार हे सगळेच मंदावते, पण सरावाने यातला मोठा भाग परत मिळवता येतो. २०१९ साली वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २५ देशांतील १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी दिसले. हा लाभ प्रामुख्याने तोलाच्या आणि रोजच्या हालचालींवर बेतलेल्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘मी रोज फेरफटका मारतो, मला आणखी व्यायाम कशाला’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. फेरफटका हृदयाला चांगलाच आहे, पण तोल सुधारायचा तर तो सावरावा लागेल इतपत अवघड काहीतरी करावे लागते.

ते अवघड म्हणजे काय, हे एका गावातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात मी गेले वर्षभर पाहते आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पंधरा-वीस आजी-आजोबा तिथे जमतात. आधी हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, मग खांबाला धरून टाचा उचलणे, मग शहाबादी फरशीच्या सांध्याची रेघ धरून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालणे. सुरुवातीला एक आजी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभ्या राहत. पुढे एक हात, मग दोन बोटे, आणि दिवाळीच्या सुमारास त्या खांबाशेजारी, पण खांबाला न शिवता, एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “बाई, परवा यष्टीत चढताना कुणाचा हात लागला नाही मला.” आपल्या शासनाने २०२२ पासून ७५ वर्षांपुढील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला आहे, पण त्या सवलतीचा उपयोग करण्यासाठी आधी बसची पायरी चढता आली पाहिजे.

२०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, वॉकर यांसाठी तीन हजार रुपये मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र काठीची उंची मनगटाच्या रेषेत लावून देणारे आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची हे सांगणारे कुणीतरी लागते. माझ्याकडे येणाऱ्या काठ्यांपैकी अनेक चुकीच्या उंचीच्या असतात.

माझी मागणी मर्यादित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे स्थानिक सरकारी आरोग्य केंद्रांच्या, सेवांमध्ये वृद्धांची देखभाल आधीपासूनच समाविष्ट आहे. तिथे आठवड्यातून दोनदा तोलाच्या व्यायामाचा वर्ग सुरू करावा आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टनी समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका व आशाताईंना प्रशिक्षण द्यावे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने १९९० च्या दशकात असे व्यायाम घरोघरी शिकवून पाहिले; पहिली चाचणी ८० वर्षांवरील स्त्रियांवर होती आणि पुढे प्रशिक्षित परिचारिकेनेही हे काम यशस्वीपणे केले. याला यंत्रे लागत नाहीत. बिनहाताची भक्कम खुर्ची, धरायला भिंत किंवा ओटा, आणि शेजारी एक सावध माणूस पुरे.

सावध माणूस मात्र हवाच. उठल्यावर चक्कर येणाऱ्यांना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टरांनी आधी तपासावे. म्हणूनच रक्तदाब-मधुमेह तपासणीच्या वेळी ‘गेल्या वर्षभरात आपण पडलात का?’ हा प्रश्न प्रत्येक ज्येष्ठाला विचारून त्याचे उत्तर नोंदवण्याची सूचना आपण द्यावी. पडल्याचे पुष्कळ जण घरातही सांगत नाहीत, कारण सांगितले की बाहेर जाणे बंद होईल अशी त्यांना धास्ती असते. आणि बाहेर जाणे बंद झाले की पाय आणखी अशक्त होतात.

एका तालुक्यापासून सुरुवात करायचे ठरल्यास प्रशिक्षणाचे काम मी विनामोबदला करीन. आमचा वर्ग सकाळी साडेसातला भरतो; आपल्या विभागातील कुणीही अधिकारी पाहायला आले तर त्यांचे स्वागत आहे.

आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट