लीगच्या नियमांवर खेळाडूंचीही सही हवी: केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोल्हापुरातून लिहितो आहे. आमच्याकडे फुटबॉल तालमींच्या नावानं खेळला जातो. पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा मिळत नाही. त्यामुळे 2025 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, वेळेवर सुरू झाली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले आणि सुनील छेत्रीसारख्या खेळाडूंना जाहीर आवाहन करावं लागलं, तेव्हा त्याची झळ आम्हालाही लागली. आपण मध्ये पडलात आणि हंगाम मार्गी लागला, याबद्दल मनापासून आभार. पण खेळाडू सरकारच्या दारी जातात, सरकार मार्ग काढतं आणि तरी मूळ दुखणं तसंच राहतं, हे याआधी एका देशात घडून गेलंय. तो देश अर्जेंटिना. साल 1931.

तिथले फुटबॉलपटू तेव्हा कागदोपत्री हौशी होते. क्लब त्यांना गुपचूप पैसे देत, प्रेक्षक तिकीट काढून येत, पण करार नावाची गोष्ट नव्हती. आणि क्लबनं सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नव्हतं. एप्रिल 1931 मध्ये खेळाडूंनी संप केला आणि मोर्चानं थेट राष्ट्राध्यक्ष उरिबुरूंकडे गेले. उरिबुरू लष्करी उठावातून सत्तेवर आलेले, पण त्यांनी मोर्चाला भेट दिली आणि प्रकरण ब्युनॉस आयर्सचे महापौर होसे गेर्रिको यांच्याकडे सोपवलं. खेळाडूंची मागणी नीट ध्यानात घ्या, मंत्रिमहोदय. त्यांना पगारवाढ नको होती, क्लब बदलण्याची मोकळीक हवी होती. गेर्रिकोंनी तोडगा सुचवला तो असा: सरळ व्यावसायिक फुटबॉल सुरू करा.

मोठ्या क्लबांनी तो उचलून धरला. 18 क्लब जुन्या हौशी फुटबॉल संघटनेतून बाहेर पडले, त्यांनी स्वतःची लीग काढली आणि 31 मे 1931 रोजी पहिली फेरी खेळली गेली. हंगाम काय रंगला म्हणून सांगू! ला प्लाता शहराच्या एस्तुदियांतेस क्लबनं लाउरी, स्कोपेली, सोसाया, फेरेइरा, ग्वायता या आघाडीच्या फळीच्या जोरावर शंभराहून अधिक गोल केले, त्यातले 33 एकट्या सोसायाचे. तरी विजेतेपद ब्युनॉस आयर्सच्या बोका ज्युनियर्सचं. 20 सप्टेंबरला बोका आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेट यांचा व्यावसायिक काळातला पहिला सामना झाला. बोकाला पेनल्टी मिळाली. बोकाच्या वारायोचा फटका गोलरक्षक इरिबार्रेननं अडवला, परत आलेला चेंडू पुन्हा अडवला, तिसऱ्यांदा मात्र वारायोनं तो जाळ्यात घातला. रिव्हरचे खेळाडू पंचांवर धावून गेले, तिघांना बाहेर काढलं, ते मैदान सोडेनात. सामना तिथेच थांबला आणि पुढे गुण बोकाला दिले गेले. एवढी माणसं, एवढी ईर्षा आणि एवढा पैसा त्या लीगनं पहिल्याच वर्षी उभा केला.

पण नियम लिहिले क्लबांनी. पगार उघडपणे मिळू लागला, क्लब सोडण्याची चावी मात्र क्लबच्याच खिशात राहिली. 1932 मध्ये रिव्हरनं बेर्नाबे फेरेयरा या खेळाडूला आणायला 35,000 पेसो मोजले. त्या काळी हा आकडा ऐकून लोक थक्क झाले. ते पैसे गेले टिग्रे क्लबकडे. ज्या मागणीसाठी मोर्चा निघाला होता, ती तशीच पडून राहिली.

त्याची किंमत देशानं मोजली. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाची मान्यता जुन्या हौशी संघटनेकडेच होती. म्हणून 1934 च्या विश्वचषकाला अर्जेंटिनानं हौशी संघ पाठवला. 1930 ची अंतिम लढत खेळलेला एकही खेळाडू त्यात नव्हता. बोलोन्यात स्वीडनकडून 3-2 नं हरून तो पहिल्याच सामन्यानंतर घरी परतला. त्याच स्पर्धेत इटली जिंकली, आणि इटलीच्या संघात होते मोंती, ओर्सी, देमारिया आणि एस्तुदियांतेसच्या त्या फळीतला ग्वायता. चौघंही अर्जेंटिनाचे. मला हे आजही वाचवत नाही. दोन संघटना त्या वर्षाअखेर एक झाल्या, पण खेळाडूंचा प्रश्न मिटला नाही. 1948 मध्ये पुन्हा संप झाला आणि 1949 मध्ये पेदेर्नेरा, रोसी, दी स्तेफानो असे मोहरे कोलंबियाला निघून गेले. तिथली लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती, त्यामुळे त्यांच्या क्लबांना दमडीही मिळाली नाही.

आपल्याकडे खेळाडू निराधार होतो तो वेगळ्या वाटेनं. क्लब किंवा लीग एका सकाळी बंद होते आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय विजेता होता. 2010 मध्ये त्याचा गाशा गुंडाळला. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. 2025 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारा त्याचा व्यावसायिक भागीदार यांचा करार संपत आला होता. या दोन सह्यांच्या कागदावर शेकडो घरांची चूल अवलंबून होती, आणि तिसरी सही खेळाडूंची असावी असं कुणालाच सुचलं नव्हतं.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा 2025 मध्ये खेळाडूंच्या समितीची तरतूद आहे. माझी विनंती एवढीच, की लीगचा पुढचा दीर्घ मुदतीचा करार होईल तेव्हा ही समिती वाटाघाटीत पहिल्या दिवसापासून बसलेली असावी आणि तिच्या सहीशिवाय तो करार पक्का होऊ नये. हंगाम लांबला तर पगार कोण देणार, ते त्यात स्पष्ट लिहा. ठरावीक दिवस पगार थकला तर खेळाडू आपोआप मोकळा, हेही लिहा. क्लब बंद पडला तर खेळाडूंची देणी आधी, बाकीच्यांची नंतर. आणि वाद झाला तर मुदतीत निकाल लागेल अशी सोय ठेवा. विशी-पंचविशीतल्या खेळाडूची दोन वर्षं तारखांमध्ये गेली तर ती त्याला कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही.

कराराचा मसुदा सही होण्याआधी जाहीर करावा, म्हणजे आमच्यासारख्यांनाही तो वाचून सूचना पाठवता येतील.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी