जकार्ताहून महेशला

प्रिय महेश,

मागच्या फोनवर तू म्हणालास की शाळेत धर्म शिकवला की पोरं कट्टरच होणार, ते काही डोक्यातून जात नाहीये रे, म्हणून लिहायला बसलो. दापोलीत मी संध्याकाळी मदरशात सबक पाठ करायचो आणि तू बाहेर बॅट घेऊन थांबायचास, आठवतंय? आत काय शिकवतात ते तू कधी विचारलं नाहीस, आणि विचारलं असतंस तरी मला अर्थ कुठे येत होता.

इथे माझ्या रेहानच्या शाळेत धर्म हा रीतसर विषय आहे, 'आगामा' म्हणतात त्याला, म्हणजे आपला आगमच की! इंडोनेशियाच्या 2003 च्या कायद्याने प्रत्येक मुलाला स्वतःचा धर्म त्याच धर्माच्या शिक्षकाकडून शिकायचा हक्क आहे, त्यामुळे बेल झाली की याचा बेंचवरचा कॅथलिक मित्र दप्तर उचलून दुसऱ्या वर्गात जातो. कुराणात आहेच, 'लकुम दीनुकुम वलिय दीन', तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. चांगलंच आहे, पण मला ते पुरत नाही. कुराणातच 49व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे की माणसांच्या वेगवेगळ्या जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखावं म्हणून. मग ओळखायचं कधी?

फ्लोरेस बेटावर एंडे नावाचं गाव आहे, तिथे मुहम्मदिया या 1912 सालच्या मुस्लिम संघटनेचं हायस्कूल आहे, आणि त्यात बरीच मुलं कॅथलिक. त्यांना त्यांचा धर्म शिकवायला शाळेनेच कॅथलिक शिक्षक दिलाय. तासाला मुलं तिथेही वेगळी होतात, पण मुस्लिम पोरांना दिसतं ना की आपल्या शाळेने शेजाऱ्याच्या धर्माची सोय केली. मला हे फार मोलाचं वाटतं.

सगळं गोड आहे असं नाही हां. 2006 च्या नियमाने नवं प्रार्थनास्थळ बांधायला तिथे येणारे 90 सभासद आणि वर 60 स्थानिक लोकांचा पाठिंबा लागतो, आणि यात बहुतेकदा चर्चच अडकतात. पण याच देशात 24 डिसेंबर 2000 ला मोजोकेर्तोमध्ये नहदतुल उलमा या मुस्लिम संघटनेच्या युवक शाखेचा रियान्तो, 25 वर्षांचा पोरगा, चर्चवर पहारा द्यायला उभा होता, बॉम्ब सापडला तर तो उचलून लांब नेताना गेला बिचारा. हे मी रेहानला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

काल त्याने विचारलं, अब्बा, माझा तो कॅथलिक मित्र त्या तासाला काय शिकतो? मी म्हटलं, उद्या डब्याच्या सुट्टीत त्यालाच विचार, आणि तूही त्याला तुझं सांग, अर्थासकट.

वहिनींना सलाम सांग.

तुझा,
अस्लम