पणजीतल्या फोंतेन्हासच्या आंटींना

प्रिय आंटी,

तुम्हाला मराठी वाचायची सवय नाही, पण तुमचा नातू शाळेत कोकणी देवनागरीतूनच शिकतो. त्याच्याकडून हे वाचून घ्या. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबरात आम्ही मायलेकी दोन रात्रींसाठी तुमच्याकडे उतरलो. आईचं वय 76, खुब्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम चार महिने झालेले. बुकिंग करताना मी घर किती जुनं ते वाचलं, शिंपल्यांच्या खिडकीचा फोटो पाहिला. जिन्याचा विचारच केला नाही. दारातून आत आलो आणि समोर तो उभा, अरुंद लाकडी जिना. आई काही बोलली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मी दुसरी जागा शोधायला फोन काढेपर्यंत तुम्ही तळमजल्यावरच्या तुमच्या स्वतःच्या खोलीतल्या चादरी बदलायला घेतल्या होत्या. आईला एवढंच म्हणालात, "बस गे बाय."

दोन्ही रात्री तो जिना तुम्ही चढलात. तुमचेही गुडघे दुखतात, हे आम्हाला निघायच्या दिवशी कळलं.

त्या खोलीतली सकाळ आई अजून सांगते. काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत बसवलेले ते पातळ चपटे शिंपले, आणि त्यांतून येणारा दुधट उजेड. पाववाल्याच्या सायकलचा भोंपू वाजला की तुम्ही लगबगीने बाहेर जायचात आणि गरम पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, घेऊन यायचात. दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत आंब्याचं मिस्कूट, म्हणजे लोणचं. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. पुण्यात पन्नास वर्षं काढल्यावर तिला कुणीतरी न मागता पेज वाढली. तिची मालवणी आणि तुमची कोकणी अशी काही जुळली की मी मध्ये बोलायचंच सोडून दिलं. आजारपणानंतर ती इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पावसाळा सरला की घर रंगवायची घाई, पोर्तुगिजांच्या काळात पांढरा रंग फक्त चर्चचा म्हणून या आळीतली घरं निळी, पिवळी, तांबडी, हे सगळं तुम्ही तिला सांगितलंत. 1961 साली पोर्तुगीज गेले तेव्हा तुम्ही पोर्तुगीज शाळेत दुसरीत होतात, हेही. संध्याकाळी तिचा हात धरून सेंट सेबॅस्टियनच्या कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, नेलंत. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला तिथला क्रूस, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हे तुम्ही दाखवलंत. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. शस्त्रक्रियेनंतर ती एवढं चालली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी महिनाभर विनवण्या करत होते, तर सोसायटीच्या फाटकापलीकडे जायला ती तयार नव्हती.

आता ती रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येते.

आंटी, तुमचे फार फार आभार. तुम्ही आईला आमटीचं विचारलं होतंत, म्हणून तिने घरी भाजून-कुटून गोडा मसाला केलाय, सोबत पाठवतेय. तिचा निरोप: चार माणसांच्या आमटीला एक चमचा पुरे, आणि गुळाचा खडा विसरू नका.

तुमची,
वरच्या खोलीत न राहिलेली पुण्याची पाहुणी