कापसाचा ‘यील्ड’ मराठीत येताना तिपटीने चुकतो

महोदय,

विदर्भाच्या शेतीवर, जंगलावर, बोलींवर झालेले संशोधन मराठीत यावे, ही मागणी रास्त आहे. पण येताना नेमके काय बिघडते, यावर फारसे बोलले जात नाही. इंग्रजीत पडून राहिलेला निबंध निदान कुणाचे नुकसान करत नाही. चुकीचे मराठी टिपण वाचून मात्र माणूस फवारणीचा पंप पाठीला लावतो.

कापसाचेच घ्या. देशाच्या आकडेवारीत कापसाचा ‘यील्ड’ हेक्टरी ४५० किलोच्या आसपास दिसतो, तो रुईचा असतो, म्हणजे सरकी काढल्यानंतरचा. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांवरील निबंधात तोच शब्द बहुधा सरकीसकट कापसासाठी येतो. वेचलेल्या कापसात रुई साधारण एक तृतीयांश भरते. तेव्हा हेक्टरी ४५० किलो रुई म्हणजे सुमारे १,३५० किलो कापूस, आणि एका हेक्टरात २.४७ एकर म्हणून २.४७ ने भागले की एकरी साडेपाच क्विंटलच्या जवळ. हा फरक न कळता ‘उत्पादन ४५० किलो’ असे उतरवले, तर वाचणारा एकरी दोन क्विंटलही धरणार नाही. आपल्याकडे हिशेब एकरात आणि क्विंटलात चालतो. म्हणून टिपण लिहिणाऱ्याने ‘रुई’ की ‘कापूस’ हे आधी ठरवावे, मग हेक्टरचा आकडा द्यावा आणि त्याच वाक्यात एकरी क्विंटल सांगावेत. वाचकावर भागाकार सोपवू नये.

शब्दांचेही तसेच. गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून जाळ्याने बांधते आणि फूल उमलतच नाही. इंग्रजीत त्याला गुलाबावरून नाव पडले आहे. त्याचे ‘गुलाबाकृती फूल’ असे भाषांतर केले तर शेतकऱ्याला काही कळत नाही, आणि ‘डोमकळी’ म्हटले की यवतमाळपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना कळते. ‘स्क्वेअर’ म्हणजे पाते, कापसाची न उमललेली कळी; यंत्राने भाषांतर केले तर त्याचा चौरस होऊ शकतो. त्याहून धोक्याची असते ती गळलेली अट. शिफारस अशी आहे: एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) दररोज ८ ते १० पतंग, तेही सलग तीन रात्री, तर फवारणीचा विचार करावा. ‘सलग तीन रात्री’ हे शब्द जागेअभावी कापले की पहिल्याच रात्रीचे आठ पतंग पाहून औषध आणले जाते. दुसरी अट हिरव्या बोंडांची. अळी आत असते, बोंड बाहेरून निरोगी दिसते. त्यामुळे नुसते ‘१० टक्के प्रादुर्भाव’ लिहून भागत नाही. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडावीत, फोडून पाहावीत, आणि दोन बोंडांत अळी किंवा तिने पोखरल्याच्या खुणा दिसल्या तर फवारणीची पातळी गाठली, इतके सगळे लिहावे लागते. औषधाचे प्रमाण १० लिटर पाण्यासाठी दिलेले असेल आणि गावातला पंप १५ लिटरचा असेल, तर दोन्ही आकडे द्यावेत.

एका विषयाचा शब्द दुसऱ्या विषयात गेला की अर्थ बदलतो, हेही लक्षात ठेवायला हवे. संख्याशास्त्राच्या ‘सिग्निफिकंट’ला मराठीत सर्रास ‘महत्त्वपूर्ण’ म्हणतात. त्याचा खरा अर्थ इतकाच, की खरोखर फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती. एकरी दहा किलोचा फरकही त्या अर्थाने ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो आणि तरी त्यातून वेचणीची मजुरी निघत नाही. फरक किती किलोचा, हेच आधी लिहावे.

मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी बोलली जाते. या भागांतल्या वनस्पतींवर लिहिताना ‘कुडा’ एवढेच लिहून थांबू नये. पांढरा कुडा म्हणजे होलारेना, त्याचे बी कडू. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, त्याचे बी गोडे. दोन्हींच्या बियांना इंद्रजवच म्हणतात. म्हणून शास्त्रीय नाव, मराठी नाव आणि त्या गावच्या बोलीतले नाव अशी तिन्ही नावे द्यावीत, आणि बोलीतले नाव कोणत्या तालुक्यात ऐकले तेही. ज्यांनी नाव सांगितले त्यांना लेख वाचून दाखवणे हे तर संशोधकाचे देणेच आहे.

कायद्याची भीती अनेकांना थांबवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्कही हक्कधारकाकडेच असतो. निबंध छापताना तो हक्क प्रकाशकाला दिला असेल, तर ओळीस ओळ भाषांतर परवानगीशिवाय करता येत नाही. पण निष्कर्ष आणि आकडे कुणाच्या मालकीचे नसतात. ते आपल्या मराठीत नव्याने लिहावेत, आलेख पुन्हा काढावा, मूळ निबंधाचा उल्लेख करावा. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, त्यामुळे रूपांतरानंतर वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जातात. ते एकदा डोळ्यांनी तपासावे लागते, नाहीतर शोधल्यावर लेख सापडत नाही. लेखाच्या वर तारीख असावी, कारण शिफारशी बदलतात.

अकोला, अमरावती, नागपूर आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांना विनंती आहे, की पीएचडीच्या प्रबंधासोबत संशोधकाने स्वतः लिहिलेले ६०० शब्दांचे मराठी टिपण सक्तीचे करावे. जमा करण्यापूर्वी ते दुसऱ्या विषयाच्या एका प्राध्यापकाने आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी एकाने वाचलेले असावे. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने ‘डोमकळी’सारखे शब्द या टिपणांतून गोळा करावेत. आणि आपण, संपादक महोदय, आठवड्याला असे एक टिपण छापावे, जागा कमी पडली तरी त्यातली अट न कापता.

– एक ग्रंथपाल, जि. यवतमाळ