‘कंचेभागुबेव’ पुन्हा शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे आहेत.

टर्मिनलवर गणित टाइप केलं की दशमान आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) उत्तर देणारं एक छोटं इव्हॅल्युएटर मी लिहीत होतो. १०-४+३ चं उत्तर ते ३ द्यायचं. शाळेत पाठ केलेलं ‘कंचेभागुबेव’ मी जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं होतं: आधी बेरीज, मग वजाबाकी. १०*३/४ चं तर शून्य यायचं, कारण भागाकार आधी, आणि पूर्णांकांत ३/४ म्हणजे शून्यच. दोन आठवडे एकेका चुकीला नवा इफ, म्हणजे ‘असं असेल तर’ची अट, जोडत बसलो होतो.

तुम्ही कोड उघडलाच नाहीत. कॅन्टीनच्या बिलामागे रूळ काढलात, बाजूला एक सायडिंग, आणि संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांची १९६१ सालची शंटिंग यार्ड पद्धत चहा निवेपर्यंत समजावलीत. आकडे सरळ पुढे जातात, चिन्हं सायडिंगला थांबतात. नवं चिन्ह आलं की आधी थांबलेल्याची पायरी, म्हणजे मान, बघायची आणि त्याला आधी पुढे सोडायचं का ते ठरवायचं. “बे आणि व एकाच पायरीवर आहेत. भा आणि गु पण. डावीकडून जो आधी, त्याचं आधी.”

घरी जाऊन पायऱ्या बदलल्या. १०-४+३ तरी ३च! रात्री अकराला फोन केला, तर तुम्ही एवढंच विचारलंत, “पायरी सारखी असली की काय करतोस?” मी ‘मोठी असेल तर’ लिहिलं होतं, ‘मोठी किंवा समान’ हवं होतं. एक = टाकलं आणि ९ आले. सरळ उत्तर सांगून फोन ठेवता आला असता तुम्हाला. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणून घातांकाच्या वेळी माझं मलाच सुचलं की तिथे समान नको. २^३^२ उजवीकडून सोडवतात, ५१२.

आता मेमरीचे पत्ते मी त्यातच काढतो. हेक्स १००० मध्ये चौसष्ट बाइटचे चार रेकॉर्ड (२५६, म्हणजे हेक्स १००) मिळवले की हेक्स ११००, बोटं मोडावी लागत नाहीत.

ऋण चिन्हाचं तुम्ही माझ्यावर सोडलं होतंत. -२^२ ला युनिक्सचं बीसी हे कॅल्क्युलेटर ४ म्हणतं, पायथन ही भाषा -४. मी -४ ठेवलंय, वहीत आपण तसंच सोडवतो. तुमचं मत वेगळं असेल तर रात्री अकरालासुद्धा फोन करा.

तुमचा,
इफ जोडत बसलेला