आई-बाबा, तो फॉर्म परत एकदा वाचूया

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर धड बोलता आलं नाही, रेंज जात होती आणि आई मागून काय सांगत होती ते अर्धंच ऐकू आलं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, तुम्ही म्हणालात डॉक्टर भला माणूस आहे, दुपारची गुहागर एसटी चुकली असती म्हणून अल्सरच्या औषधांच्या स्टडीच्या फॉर्मवर सही करून टाकली. डॉक्टर चांगलेच आहेत. पण मी इथे पुण्यात रोज हेच काम करते हो, पेशंटच्या शेजारी बसून कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, एकेक ओळ वाचून दाखवते, कुणी घाई केली तर घरी घेऊन जा, मुलांना दाखवा आणि उद्या या म्हणते, आणि माझे स्वतःचे बाबा न वाचता सही करून आले हे ऐकल्यावर काल रात्री झोप लागली नाही. स्टडीत जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, मला तर वाटतं जावं, फक्त कशात जाताय ते कळून जा.

आधी आईला सांगते. आई, बाबांना अल्सर, म्हणजे पोटात आतून व्रण, झाला तो तुझ्या बांगड्याच्या तिखल्याने नाही झाला. तू महिनाभर तिरफळ, मिरची सगळं बंद करून त्यांना पेज न् मेतकूट भात घालतेयस आणि स्वतःला दोष देतेयस ते मला कळत होतं. पूर्वी डॉक्टरसुद्धा तिखट आणि टेन्शनलाच दोष द्यायचे, पण ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मागे जठरात राहणारा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी विश्वास ठेवेना तेव्हा १९८४ साली मार्शलनी तो जंतू स्वतः प्यायला आणि थोड्याच दिवसात उलट्या, जठराला सूज, सगळं झालं. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच घरातल्या घरात लागतो, आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत असतो आणि कित्येकांना जन्मभर काही त्रास होत नाही. ताटात तिखट असलं तर जळजळ वाढेल, पण व्रण त्याने पडत नाही. तेव्हा मनातून काढून टाक.

बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्यात, हा जंतू आणि हार्टच्या नळीत स्टेंट (जाळी) बसवल्यानंतरची रोजची अ‍ॅस्पिरिन. दोन्हींनी अल्सर होतो आणि त्यातून रक्त जाऊ शकतं. ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, साठी ओलांडलेले, रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे आणि हा जंतू असलेले पाच हजारांवर लोक घेतले, अर्ध्यांना आठवडाभर अँटिबायोटिकचा कोर्स, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. २०२२ ला निकाल आला, पहिली अडीच वर्षं तरी कोर्सवाल्यांमध्ये अल्सरमधून रक्त जाऊन अ‍ॅडमिट व्हायची वेळ बरीच कमी आली, पुढे मात्र तो फरक टिकला नाही. म्हणजे जंतू घालवण्यात तुमचा फायदा आहे. पण अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करायची नाही हं बाबा, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आता तुमची स्टडी. तुम्ही पाठवलेली दोन पानं मी वाचली. सध्या चालतात त्या औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स एका गटाला आणि अ‍ॅसिड दाबायच्या नेहमीच्या गोळीऐवजी व्होनोप्राझान घालून दुसऱ्या गटाला. ही गोळी जपानमध्ये २०१५ पासून आहे. नवीन काहीतरी शोधायची गरज का पडली, तर लोक मेडिकलमधून दोन दिवसाची अँटिबायोटिक घेतात आणि बरं वाटलं की सोडतात, त्यामुळे हा जंतू जुन्या औषधांना दाद देईनासा झालाय. तुम्ही कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरांच्या हातात नसतं, नाहीतर ते आपल्या लाडक्या पेशंटला हवी ती गोळी देतील आणि तुलनाच फुकट जाईल. आई म्हणाली "उंदरासारखं वापरतात", तर यात उपचार दोन्ही गटांना खरेच आहेत, कुणालाही नुसतं तसंच ठेवलेलं नाही.

आणि बाबा, हे तुम्हाला एकट्याला सांगायचं होतं पण आईने वाचलं तरी चालेल. तुम्ही नाक्यावरच्या मेडिकलमधून ती अ‍ॅसिड दाबायची गॅसची गोळी आणता, कपाटात सुपाऱ्यांच्या डब्यामागे ठेवता, हे मला माहितीये. ते डॉक्टरांना सांगा. कोर्स संपल्यावर कमीत कमी चार आठवड्यांनी श्वासाची टेस्ट असते, खास कार्बन घातलेला युरिया पाण्यातून प्यायचा, जंतू जिवंत असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन तुमच्या श्वासातून पिशवीत येतो. त्याआधी दोन आठवडे ती गॅसची गोळी चालू असली तर जंतू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. मग सगळे खूश, आणि जंतू आतच.

कोर्समध्ये बिस्मथ नावाचं औषध असेल तर शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, घाण वास येणारं झालं, किंवा चक्कर आली, तर रात्र असो की पाऊस, तेव्हाच फोन करायचा. मागच्या वेळेस तीन आठवडे लपवलंत तसं नाही करायचं.

सही झाली म्हणजे बांधले गेलात असं नाही. कधीही बाहेर पडता येतं आणि त्याने पुढच्या ट्रीटमेंटवर काही परिणाम होऊ द्यायचा नसतो. सही केलेल्या फॉर्मची कॉपी मिळणं तुमचा हक्क आहे, मागून घ्या. स्टडीमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई कोण देणार हे त्यात लिहिलेलं असतं. सीटीआरआय, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नंबरही विचारा, २००९ पासून अशा प्रत्येक ट्रायलची तिथे नोंद करावीच लागते, नंबर मिळाला की मी इथून बघते.

गुरुवारी रात्री साडेआठला फोन करते, जेवणं उरकून फॉर्म समोर घेऊन बसा. मागच्या पडवीत रेंज येते, तिथे बसा. आणि आई, रविवारी बांगडे आण.

तुमची,
ताई