गाडी नेऊ की नको

ह्युऑनव्हिल, टास्मानिया
९ जानेवारी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

सकाळपासून पाऊस आहे, चेरीची तोडणी बंद. गाडीतच बसून लिहितेय. हो, त्याच गाडीत, जिच्यावरून बाबा फोनवर चिडले होते, "अडीच महिन्यांच्या मजुरीला गाडी कशाला नेतेस?"

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मेलबर्नहून होबार्टला विमान सव्वा तासात येतं. गाडी आणायची म्हणजे मेलबर्नजवळच्या जिलाँगला बोटीत चढवायची, रात्रभर मधली बास सामुद्रधुनी ओलांडायची, सकाळी बेटावरच्या डेव्हनपोर्टला उतरायचं आणि तिथून तीनशेवर किलोमीटर चालवत यायचं. भाडंही विमानापेक्षा बरंच जास्त. केबिन घेतलीच नाही, खुर्चीत रात्र काढली. मान अजून धरलीय. आई, गोडा मसाला सुखरूप पोचला, पण लिंबं आणि कढीपत्ता गेला. बेटावर फळमाशी येऊ नये म्हणून ताजं फळ, भाजी काहीच आणू देत नाहीत. मेथी मी आदल्या रात्रीच संपवली होती म्हणून वाचली.

तरी आणली, कारण ठेकेदाराची व्हॅन. मागच्या कामावर व्हॅनचे पैसे रोज पगारातून कापायचे. एकदा नऊलाच पाऊस आला, काम थांबलं, आणि व्हॅन आली दोनला. पाच तास शेडखाली बसलो. भरलेल्या क्रेटवर पैसे असले तरी तासाचा किमान दर मिळालाच पाहिजे, असा नियम २०२२ पासून आहे, पण बसून राहिलेला वेळ ठेकेदार कशाला मोजतोय! तेव्हा मला पेठ-सुरगाण्याहून आपल्या द्राक्षांच्या बागेत कामाला येणारी माणसं आठवली, पिकअपमध्ये उभी. पाऊस आला की ओट्यावर बसलेली असायची. बाबा, त्या दिवसाची हजेरी आपण धरायचो का? मला खरंच आठवत नाही.

इथे चेरीचं सगळं पावसावरच आहे. अगदी द्राक्षासारखं, पिकलेल्या फळावर पाणी थांबलं की साल तडकते. आत्ता समोर बागेवर हेलिकॉप्टर फिरतंय, अगदी झाडांच्या शेंड्यांवरून, सावकाश, एकेका ओळीवर. त्याच्या वाऱ्याने पानांवरचं पाणी झटकून काढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी हरवलंय की काय. तुम्ही घडांवरचं पाणी उडवायला ब्लोअर लावता, त्याचंही डिझेल मोजता, यांचा हिशेब काय असेल!

गाडीत आम्ही चौघी येतो. दोघी तैवानच्या, एक नेपाळची. पेट्रोल वाटून. बोटीचं भाडं त्यातून सुटणार नाही, हे कबूल. पण आज काम बंद म्हटल्यावर लगेच निघता येतं, आणि इथलं संपलं की सफरचंदाच्या तोडणीला दुसऱ्या गावी जायला कुणाची वाट बघायला नको.

आजीला सांग, अंधारात चालवत नाही. वॉलबी, म्हणजे कांगारूची धाकटी भावंडं, अचानक रस्त्यावर उडी घेतात. रोज सकाळी कडेला एक-दोन मेलेल्या दिसतात. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत ६५ च्या आत चालवा, अशा पाट्याही आहेत.

हेलिकॉप्टर गेलं. सुपरवायझर छत्री घेऊन झाडं बघत फिरतोय, बहुतेक दुपारी बोलावतील.

आपल्या द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरलं का? खालच्या प्लॉटचा फोटो पाठवा, आणि या वेळी अंगठा मध्ये येऊ देऊ नका.

तुमची,
ताई